वटवट्यांची खानेसुमारी

मेहुणा : आणि हे एवढं पाणी येतं कुठून, भावोजी?

भावोजी : अख्ख्या शहरातून. सकाळी दात घासून तू जी चूळ भरलीस, ती दुपारपर्यंत इथे पोचेल.

मेहुणा : म्हणजे साखरझोपेतून उठवून तुम्ही मला गटाराच्या काठावर आणून बसवलंय.

भावोजी : तळ्याच्या. मागे तो शुद्धीकरणाचा कारखाना दिसतोय ना, त्याच्या अलीकडे गटार आणि पलीकडे तळं. आपण पलीकडे आहोत. आणि हळू बोल.

मेहुणा : कोणासाठी हळू बोलू? तुम्हीच पेपरात लिहिलंय, पक्षी गेले म्हणून. ताईने वाचून दाखवलं फोनवर. चांगलं होतं. मला तर भरून आलं होतं.

भावोजी : मोठे आहेत अजून. ती बघ पाणकोंबडी, त्या फुटक्या बादलीमागे. गेले ते छोटे. समोर हे पुरुषभर उंचीचं गवत आहे ना, पाणकणीस म्हणतात याला. याच्यात वटवटे राहायचे. अंगठ्याएवढा जीव, रंग मातीचा, आणि लाजाळू असा, की इतक्या वर्षांत मी त्याला धड पाहिला असेन चार-दोनदाच.

मेहुणा : मग गेले हे कळलं कसं? नसलेला पक्षी आणि न दिसणारा पक्षी यात फरक काय?

भावोजी : कानाने कळतं. पहाटे नर गातो. एक आवाज म्हणजे एक नर, एक नर म्हणजे एक घर. दरवर्षी अंड्यांच्या हंगामात मी इथे बसतो आणि आवाज मोजतो. खानेसुमारी म्हण हवं तर. दरवर्षी कमी, दरवर्षी कमी. यंदा एकही नाही. आठ दिवस बसलो, बूड शेकून निघालं, पण एक आवाज नाही.

मेहुणा : मग मला कशाला आणलंत? सुतकाला?

भावोजी : मी कुठे आणलं? तूच मागे लागलास. काल रात्री मुक्कामाला आलास आणि म्हणालास, मलाही यायचंय. मला वाटलं, मेहुणेबुवांना उतारवयात सुबुद्धी झाली.

मेहुणा : हां. तेही खरं.

भावोजी : आणि आज यायलाच हवं होतं. आठ वाजता नगरपालिकेची अभियंता बाई येणार आहे. हे सगळं पाणकणीस कापायचं म्हणतात. मी सांगणार आहे की बाई, ठेवा चार वर्षं. गवत राहिलं तर कधीतरी पक्षी परत येतील. ऐकतील असं वाटत नाही.

मेहुणा : भावोजी, ते काय वाजतंय?

भावोजी : कुठे?

मेहुणा : समोर. चिक-चिक-चिक-चिक. न्हावी कानामागे बारीक कात्री चालवतो ना, तसं.

भावोजी : पंप असेल.

मेहुणा : पंप मागे आहे. हे गवतातून येतंय.

भावोजी : मग नाकतोडा असेल. मला तर काही ऐकू येत नाही.

मेहुणा : तेच.

भावोजी : तेच काय?

मेहुणा : काही नाही. चहा देऊ का थर्मासमधला?

भावोजी : चहा राहू दे. तेच काय?

मेहुणा : ताई म्हणाली होती, तू तोंड उघडू नकोस, नुसता शेजारी बसून ये.

भावोजी : आणि तू तोंड न उघडता कधी बसलायस? दातांच्या कवळ्या करतोस, दिवसभर लोकांना आ कर म्हणतोस, तुझं स्वतःचं मिटणार कसं? सांग आता.

मेहुणा : तुमचं कपडे धुवायचं मशीन वाजतं, भावोजी.

भावोजी : नाही वाजत. त्याचा भोंगा बिघडलाय. मी मेकॅनिक बोलावला होता.

मेहुणा : त्याने काय सांगितलं?

भावोजी : म्हणाला, काका, वाजतंय. मी म्हटलं, मला शिकवू नकोस, मी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलीत, बंद काय आणि चालू काय मला कळतं. हाकलून दिला त्याला.

मेहुणा : त्याने जाताना ताईला जिन्यात गाठून सांगितलं, काकी, मशीन ठणठणीत आहे, काकांना दाखवून घ्या.

भावोजी : मेकॅनिक म्हणाला असं?

मेहुणा : फ्रिजचं दार उघडं राहिलं की तोही बोंबलतो. थर्मामीटर वाजतं. तुमच्या दुकानात यायची ती बाई, जिचं नाजूक मनगटी घड्याळ तुम्ही तीनदा खोललंत...

भावोजी : ते बंद होतं.

मेहुणा : चालू होतं. तिने दर वेळी सांगितलं.

भावोजी : मला वाटलं, तिला तोच एक विरंगुळा आहे. माझ्याशी बोलायला येते, असा माझा समज होता. ताईला सांगू नकोस.

मेहुणा : ताईनेच सांगितलं मला.

भावोजी : हे बघ, मला तुझं बोलणं ऐकू येतंय. पाणकोंबडी खाकरली तर ऐकू येतं. मागचा पंप ऐकू येतोय. बहिरा कसा झालो मी?

मेहुणा : जाड आवाज येत असतील, बारीक गेले असतील. आमच्या दातांच्या डॉक्टरांचंही तसंच झालंय, त्या ड्रिलपायी. पेशंटची किंकाळी ऐकू येते, ड्रिलची नाही.

भावोजी : थांब. तोंडाची वाफ कशाला दवडायची? माझ्या फोनमध्ये वटवट्याचा आवाज आहे, पूर्वी मीच टिपलेला. पिल्लांच्या दिवसांत हा वाजवू नये खरं तर, नराला वाटतं दुसरा कोणी घरात घुसला. पण इथे आहेच कोण? हे लावतो, आणि मला ऐकू आलं की तुझी आणि तुझ्या ताईची मी अशी खरडपट्टी काढतो की बघत राहा.

मेहुणा : लावा.

भावोजी : लावलं. काही नाही. फोनही बिघडला वाटतं. रेघ तर पुढे सरकतेय.

मेहुणा : भावोजी.

भावोजी : आवाज पूर्ण वाढवलाय, हे बघ.

मेहुणा : भावोजी, कमी करा. कानठळ्या बसतायत. आणि बंदच करा, समोरून उत्तर आलं.

भावोजी : कसलं उत्तर?

मेहुणा : तीच कात्री. आता जवळ. ते बघा, तो तुरा हलतोय, डावीकडून तिसरा. वारा नाहीये आणि हलतोय.

भावोजी : दुर्बीण दे. दे इकडे. हां. बुंधा. वर. अजून वर... आहे.

मेहुणा : दिसला?

भावोजी : चोच उघडतोय. मिटतोय. परत उघडतोय. गळा फुगलाय त्याचा. टीव्हीचा आवाज बंद करून गाणं बघावं ना, तसं चाललंय. आत्ता गातोय का तो?

मेहुणा : बेंबीच्या देठापासून.

भावोजी : आणखी कुठे येतोय आवाज?

मेहुणा : उजवीकडे एक आहे. त्या पाइपापाशी एक. मागे लांब बहुतेक दोन. आल्यापासून येतायत, मला वाटलं इथलं रोजचंच काही असेल.

भावोजी : रोजचंच आहे रे. मला फार वाईट वाटतंय. पक्षी गेले तेव्हा वाटलं होतं त्याहून जास्त, आणि याची लाजही वाटतेय. हे जिवंत आहेत म्हटल्यावर मी नाचायला हवं.

मेहुणा : चहा घ्या.

भावोजी : दे. दरवर्षी कमी, दरवर्षी कमी. मी त्याचा आलेख काढला होता, ठाऊक आहे? रंगीत. ग्रंथालयात भिंतीवर लावलाय. शाळेची पोरं येऊन बघतात. तो माझ्या कानाचा आलेख आहे. कानाच्या डॉक्टरकडे गेलो असतो तर त्यानेही हाच काढून दिला असता, आणि भिंतीवर न लावता पाकिटात घालून दिला असता.

मेहुणा : एवढं मनाला लावून घेऊ नका.

भावोजी : आणि तो लेख. “पाणकणीस मुकं झालं.” काय शीर्षक. मी स्वतः वाचून डोळे पुसले होते. तुझी बहीण समोर बसून भाजी निवडत होती, तिने वर बघितलं नाही. आता कळतंय का नाही बघितलं ते. तिला सांगायला काय झालं होतं?

मेहुणा : ती म्हणाली, एवढ्या हौसेने धरलेलं त्यांच्याकडे हे एकच आहे, ते मी कशाला काढून घेऊ? तू जा, तुला काही कळत नाही, तुझ्या तोंडून आपोआप निघेल.

भावोजी : बरोबर ओळखते सगळ्यांना. किती वाजले?

मेहुणा : तुम्ही घड्याळजी, मला विचारता?

भावोजी : आठ होत आले. हे बघ, बाई आली की मी बोलेन. तू फक्त मान हलव. मी सांगेन, पक्षी परतले.

मेहुणा : परतले कुठे? गेलेच नव्हते.

भावोजी : हळू. परतले म्हटलं तर काय बिघडतं? गवत वाचतं, पक्षी वाचतात आणि माझी अब्रूही वाचते. दर रविवारी पंचवीस माणसं माझ्यामागे बोट दाखवेन तिकडे माना वळवत फिरतात. त्यांना काय सांगू, की पुढे चाललेल्याला ऐकू येत नाही? दुकान गेल्यापासून हे एकच आहे माझ्याकडे. पक्षीकाका म्हणून हाक मारतात रस्त्यात. नुसता काका म्हणून कोणी हाक मारत नाही.

मेहुणा : मला काय, मी हलवतो मान. लोक कवळी बसवून घेतात आणि बायकोला सांगू नका म्हणतात. मी तिथेही मानच हलवतो. पण स्कूटर आली बरं का.

(अभियंता बाई स्कूटर बांधावर लावून, पँटचे पाय दुमडून खाली उतरते.)

अभियंता : नमस्कार काका. मला वाटलंच होतं तुम्ही असाल. हे कोण?

भावोजी : हे आमचे मेहुणे. नुसते आलेत.

अभियंता : नमस्कार. काका, यंत्र निघालंय, तासाभरात येईल. तुम्हाला वाईट वाटणार हे मला माहीत आहे. पण गवताने नाल्याचं तोंड दाबून टाकलंय. पाणी फुगलं की खालच्या वस्तीत घरात शिरतं. तरी मी मागच्या वर्षी फाइल थांबवली होती, पक्ष्यांसाठी. आता तुम्हीच लिहिलंत पक्षी गेले, मग मला थांबवायला कारणच उरलं नाही. तुमचं कात्रण लावलंय मी फाइलमध्ये. सगळ्यात वर.

भावोजी : सगळ्यात वर?

अभियंता : आमच्या साहेबांनीही वाचलं. म्हणाले, एवढा जाणकार माणूस सांगतोय तर प्रश्नच मिटला.

भावोजी : पण आता तसं नाही राहिलं. म्हणजे आनंदाची गोष्ट आहे. पक्षी परतलेत, बाई.

अभियंता : परतले? कधी?

भावोजी : हल्लीच. आज सकाळीच लक्षात आलं. काय मेहुणेबुवा?

मेहुणा : मी मान हलवतोय.

अभियंता : अरे वा, मग तर उत्तमच झालं. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. म्हणजे जातात आणि आपले आपण परत येतात. मग आज कापून टाकते, पुढच्या वर्षी गवत वाढलं की येतील पुन्हा. नाही का?

भावोजी : तसं नाही.

अभियंता : मग कसं? सगळं सोडून गेले होते आणि आले ना? एकदा येतात तर दुसऱ्यांदाही येतील. मी साहेबांना हेच सांगते, पक्षी सोशिक आहेत, काकांनी स्वतः सांगितलं.

भावोजी : बाई, ते कापलं तर येणार नाहीत. आत्ता आत अंडी आहेत. पिल्लं असतील.

अभियंता : आज सकाळी परतले आणि अंडीही घातली?

मेहुणा : भावोजी, माझी मान दुखायला लागली.

भावोजी : तू जरा गप्प बस. बाई, तुम्ही इथे टेका. गवतावर बसा, ओलं नाहीये. मला एक सांगायचंय आणि ते मला उभ्याने जमणार नाही.

अभियंता : तब्येत बरी आहे ना?

भावोजी : तब्येतीचंच आहे. पक्षी परतले नाहीत. ते गेलेच नव्हते. सगळीच्या सगळी वर्षं इथेच होते, दर सकाळी माझ्या तोंडावर गात होते. मला ऐकू येत नाही. बारीक आवाज येत नाहीत मला, हळूहळू जात गेले, आणि मी प्रत्येक वर्षी ते पक्ष्यांच्या नावावर मांडले. मशीन बिघडलं, फोन बिघडला, तळं बिघडलं. सगळं जग बिघडलं, एक मी सोडून. हे मला आत्ता, चहाच्या आधी कळलंय. त्या लेखातलं एक अक्षर खरं नाही. तारीख तेवढी बरोबर होती.

अभियंता : काका...

भावोजी : कीव करू नका, मला रडू येईल, आणि मेहुण्यासमोर रडलो तर हा जन्मभर सांगत फिरेल. तुम्ही फक्त ऐका. मला नाही, समोर. मेहुणेबुवा, कुठे येतोय?

मेहुणा : डावीकडे. आता पाइपापाशीही. कात्रीसारखं, बाई, चिक-चिक-चिक.

अभियंता : हे? हे पक्षी आहेत? मी प्रत्येक पाहणीला ऐकलंय हे. मला वाटायचं, किडे असतील. गेल्या वर्षीही होते, त्याच्या आधीही. फोनवर बोलताना इथे अडचण व्हायची.

भावोजी : झालं. म्हणजे शहरात मी सोडून सगळ्यांना माहीत होतं.

अभियंता : पण काका, ते कात्रण फाइलमध्ये आहे. मी साहेबांना जाऊन काय सांगू, मला चिकचिक ऐकू आलं? ते म्हणतील, तज्ज्ञ म्हणतो नाहीत आणि तू म्हणतेस आहेत. मला दुसरं कात्रण लागेल. तुमच्याच नावाचं.

भावोजी : रविवारी छापून येईल. संपादक खूश होईल, एरवी माझा लेख तो जाहिरात कमी पडली की टाकतो.

अभियंता : काय लिहाल?

भावोजी : जे तुम्हाला सांगितलं तेच. पक्षी जाग्यावर आहेत, लेखक नाही. बायकोला दाखवून पाठवतो, तिने भाजी निवडायची थांबवली तर समजायचं जमलं.

अभियंता : आणि तुमच्या रविवारच्या लोकांचं काय?

भावोजी : ते वाचतील. काही येतील, काही येणार नाहीत. पोरं हसतील. मी त्यांच्या जागी असतो तर आधी मीच हसलो असतो. बाई, मला भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू. पण आत अंडी आहेत हो.

अभियंता : बरं, ऐका. सगळं ठेवणं माझ्या हातात नाही. खालच्या घरांत पाणी जाता कामा नये. मी मधला पट्टा कापून घेते, नाला वाहायला तेवढा पुरेल. दोन्ही काठ पिल्लं उडेपर्यंत राहू देत, साहेबांना मी बघते. पण मधल्या पट्ट्यात कुठे घर आहे आणि कुठे नाही, ते यंत्र यायच्या आत कोणीतरी दाखवायला हवं. तिथून वळवून नेऊ. दाखवाल?

भावोजी : मला नाही दाखवता यायचं.

अभियंता : मग कोण दाखवेल?

मेहुणा : माझ्याकडे बघू नका. मी कवळ्या करतो. मला कावळा आणि कोकीळ यातला फरक सांगता येत नाही.

भावोजी : तो नको सांगूस. तुला ऐकू येतं का, एवढंच विचारतोय.

मेहुणा : ऐकू येतंय हो, पण पाण्यात उतरावं लागेल ना? या पाण्यात? माझी चूळ असलेल्या?

भावोजी : ती अजून पोचली नाही. बूट काढ, मीही उतरतोय.

अभियंता : काठ्या माझ्या स्कूटरला बांधल्यायत, मोजणीच्या. लाल फडकी लावलेल्या. आणते.

मेहुणा : ताईने मला नुसतं शेजारी बस म्हणून पाठवलं होतं. बाप रे, गार आहे. आणि पायाखाली काय आहे?

भावोजी : विचारू नकोस. माझा दंड धर. आता डोळे मिट, डोळ्यांनी घोटाळा होतो. कुठे आहे?

मेहुणा : समोर. थोडा डावीकडे.

भावोजी : वर, की खाली?

मेहुणा : वर. शेंड्यावर असावा.

भावोजी : मग तिथे घर नाही. शेंड्यावर तो मिरवायला बसतो. घर खाली असतं, गुडघ्याएवढ्या उंचीवर, पाती शिवून केलेलं. अगदी त्याच्यापाशी पोचलं की तो गप्प होतो. चल पुढे. पाय सरपटत टाक, आपटू नकोस. आता?

मेहुणा : जोरात झाला. आणि भराभर म्हणतोय. चिडल्यासारखा.

भावोजी : चिडलाच आहे. आपण त्याच्या अंगणात आलोय. एक पाऊल अजून. हळू.

मेहुणा : आता दोन आवाज आहेत. दुसरा वेगळा, टक-टक असा.

भावोजी : मादी. बरोबर चाललोय. बाई, काठी तयार ठेवा. मेहुणेबुवा, अजून एक पाऊल, आणि मग दगडासारखा उभा राहा. काय म्हणतायत?

मेहुणा : काही नाही. दोघंही एकदम गप्प झाले.

भावोजी : नीट ऐक.

मेहुणा : ऐकतोय. खरंच काहीच ऐकू येत नाहीये.

भावोजी : एवढं मलाही ऐकू येतंय. रोव काठी इथे.